बगळा छाप कात्री

कात्री उत्पादक संघाच्या अध्यक्षांना दोन गोष्टींचा मनापासून अभिमान होता. एक, आपल्या कारखान्यातल्या बगळा छाप कात्रीचा. आणि दोन, परदेशी कात्र्यांवरच्या आयातकराचा. यातली पहिली गोष्ट दुसरीच्या कडेवर बसून मोठी झाली आहे असं त्यांना कुणी परक्याने सांगितलं असतं, तर त्याला त्यांनी चहासुद्धा विचारला नसता.

पण सांगणारं माणूस घरचंच होतं, त्याला काय करणार? त्यांच्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, चौकापलीकडच्या गल्लीत कोट शिवायचं दुकान होतं. अध्यक्षांना सगळं जग 'अध्यक्ष' म्हणे. फोन आला की बायकोसुद्धा 'अध्यक्ष आंघोळीला गेलेत' असंच सांगे. ताई मात्र त्यांना 'धाकट्या' म्हणायची, तेही गिऱ्हाइकांसमोर.

"धाकट्या, तुझी कात्री कापत नाही रे, चावते."

"आधी धरायला शीक," अध्यक्ष म्हणत. "नाचता येईना अंगण वाकडं!"

ताई चाळीस वर्षं कापड कापत आली होती. दर वाढदिवसाला अध्यक्ष तिला मखमली डबीतून नवी कोरी बगळा छाप कात्री भेट देत. ताई ती कापायच्या टेबलावरच्या खिळ्याला टांगे आणि आधीच्या वर्षीची खणात टाकून देई. हा त्या दोघांचा जुना रिवाज होता, आणि त्यावर भांडायचं नाही हाही रिवाजच होता.

भांडण व्हायचं ते करावरून. परदेशी कात्रीची किंमत करामुळे तिप्पट झाली होती. अध्यक्षांच्या मते ते देशकार्य होतं.

"आणि तुला पोलाद लागतं ते कुठून येतं?" ताई विचारायची.

"परदेशातून. इथलं ठिसूळ असतं."

"त्याच्यावर का नाही कर?"

"कच्च्या मालावर कर? वेडी आहेस का? उद्योग मरेल."

"म्हणजे पोलादाला दार उघडं आणि कात्रीला कुलूप."

"ते वेगळं आणि हे वेगळं," अध्यक्ष म्हणत. कसं वेगळं, ते पुढच्या भेटीत सांगायचं ठरे, आणि पुढच्या भेटीत ताई तोच प्रश्न विचारी.

तर असा हा कर त्या वर्षी संपणार होता. पुढे चालू ठेवायचा की उठवायचा, हे व्यापारमंत्री ठरवणार होते. आणि व्यापारमंत्र्यांचं काय ठरलंय हे खुद्द त्यांच्या सचिवालासुद्धा कधी कळत नसे. लोक त्यांना 'तराजू' म्हणत. भाषण करताना ते दोन्ही तळहात छातीपुढे सारख्या उंचीवर धरायचे. "उद्योगाला संरक्षण हवं," असं म्हणून उजवा हात जरा खाली जाई. "पण ग्राहकाला स्वस्ताईही हवी," असं म्हणून डावा. दार उघडं हवं, पण कडीही हवी. वारा यावा, पण दिवा विझू नये. तास-तासभर हे चाले, आणि शेवटी दोन्ही हात पुन्हा एका पातळीला येत. दुसऱ्या दिवशी एक वर्तमानपत्र छापी, 'मंत्र्यांचा खुल्या व्यापाराला पाठिंबा', दुसरं छापी, 'देशी उद्योगांना मंत्र्यांचं अभय'. दोन्ही बातम्यांचा खुलासा मंत्री कधी करत नसत.

हा निर्णय ते देशी मालाच्या प्रदर्शनात जाहीर करणार होते. स्वतःच्या डोळ्यांनी माल बघायचा आणि तिथल्या तिथे निकाल द्यायचा. अध्यक्षांनी चार ठिकाणी वशिले लावून एक मान पदरात पाडून घेतला होता: उद्घाटनाची फीत मंत्रिमहोदय बगळा छाप कात्रीने कापतील. कॅमेऱ्यांसमोर आपलीच कात्री हातात घेतलेला माणूस त्याच हाताने आपला गळा कसा कापेल? अध्यक्षांचा हिशेब सरळ होता. कर उठला तर कारखाना सहा महिने टिकणार नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. कारखान्यातली माणसं त्यांच्या वडिलांच्या वेळची होती, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून 'घरी जा' म्हणायची वेळ येऊ नये म्हणून हा माणूस खरोखर झोपेतसुद्धा करच म्हणायचा.

प्रदर्शनाला दोन दिवस उरले, तेव्हा त्यांनी घरी रंगीत तालीम घ्यायचं ठरवलं. उद्घाटनाला असते तसली गुळगुळीत साटीनची फीत आणली, दोन खुर्च्यांच्या पाठींना ताणून बांधली, आणि बायकोला मंत्री केलं.

मंत्रीणबाईंनी कात्री उचलली आणि चालवली. फीत पात्यांच्या मधे गेली, दुमडली, आणि आडवी झाली.

"झोपली," बायको म्हणाली.

"अंगठा दाबून धर. जोर लाव."

बायकोने जोर लावला. फितीवर दातांचे असावेत तसे व्रण उठले. अध्यक्षांनी स्वतः कात्री घेतली. मग दुसरी, मग डब्यातली अगदी नवी. शेवटच्या झटापटीत फीत राहिली बाजूला आणि खुर्ची पालथी झाली.

"मंत्र्यांचे दात शाबूत आहेत ना?" बायकोने खुर्ची सरळ करत विचारलं. "म्हणजे शेवटचे धागे तोंडाने तोडता येतील."

अध्यक्ष हसले नाहीत. आपण आपल्या कात्रीने शेवटचं काय कापलं होतं, ते त्यांना आठवेना. ऑफिसात आलेली पाकिटं ते बोटाने फाडत.

आणि ही कात्री का कापत नाही, ते त्यांना चांगलं माहीत होतं. चांगल्या कात्रीची पाती सपाट नसतात. दोन्हींना आतून अगदी किंचित बाक असतो. कात्री मिटत जाते तशी पाती एका वेळी एकाच जागी भेटतात, आणि ती जागा खिळ्यापासून टोकापर्यंत सरकत जाते. म्हणून कापड कापलं जातं. 'संसारात आणि कात्रीत मधे थोडी फट हवी,' असं वडील म्हणायचे. लाकडी हातोडीने, डोळ्याला लावून, एकेका पात्याला बाक द्यावा लागे. त्याला वेळ लागे आणि हात लागे. मग कर आला. परदेशी कात्री महागली, आणि तेव्हा नुकतेच गादीवर आलेले अध्यक्ष एक प्रयोग करून बसले. महिनाभर त्यांनी बाक न देता माल बाजारात पाठवला. एकही कात्री परत आली नाही. येणार कशी? परत करून माणूस घेणार काय? तेव्हापासून बाक बंद झाला, आणि संघाच्या दर वर्षीच्या सभेत अध्यक्ष या प्रकाराला 'उत्पादकता' म्हणू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कारखान्यात गेले, वडिलांची हातोडी शोधून काढली आणि स्वतः एका पात्याला बाक द्यायला बसले. पहिलं पातं मोडलं. दुसऱ्याला बाक आला, पण भलत्या बाजूला. तिसऱ्यानंतर त्यांनी हातोडी ठेवली आणि ते ताईच्या दुकानात गेले.

ताई पाठमोरी उभी राहून करड्या रंगाचं कापड बेतत होती. खिळ्याला वाढदिवसाची बगळा छाप टांगलेली होती, आणि तरीही कापड सरसर कापलं जात होतं. आवाज जवळजवळ नव्हताच. अध्यक्ष दारातच थबकले. चाहूल लागताच ताईने हातातली वस्तू चटकन एका बाहीखाली सारली आणि खिळ्यावरची कात्री काढून हातात धरली.

"ये ये. आज इकडे कुठे?"

"बाहीखाली काय आहे?"

"कुठे काय?"

अध्यक्षांनी बाही उचलली. काळ्या मुठीची, भारदस्त परदेशी कात्री. पात्यावर परदेशी कंपनीचं नाव.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पाचेक वर्षं झाली," ताई म्हणाली. मग तिचाच पारा चढला. "तिप्पट पैसे मोजलेत मी तुझ्या त्या करापायी! कोट शिवते रे मी, पोती नाही. गिऱ्हाइकाचं चांगलं कापड तुझ्या बगळ्याच्या तोंडी देऊ?"

एरवी अध्यक्षांनी देशावर भाषण केलं असतं. आज ते टेबलाजवळच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "ताई, एक दिवस ही मला देशील?"

ताई बघतच राहिली. मग तिने सगळं काढून घेतलं: तालीम, खुर्ची, मोडलेली पाती.

"आणि हिच्यावरचं नाव?"

"घासून टाकतो. बगळा काढतो."

"तू शाळेतसुद्धा असंच केलं होतंस," ताई म्हणाली. "मी भरलेला रुमाल स्वतःचा म्हणून नेला होतास. आठवतं?"

"पहिलं बक्षीस मिळालं होतं," अध्यक्ष म्हणाले.

"आणि मग बाईंनी तुला वर्गापुढे उभं करून म्हटलं, आता असाच आणखी एक भर."

अध्यक्षांना त्याच्या पुढचंही आठवत होतं. त्यांनी विषय बदलला. ताईने कात्री कापडात गुंडाळली आणि त्यांच्या हातात दिली.

"तुझ्या करासाठी नाही देत," ती म्हणाली. "तुझं तोंड एवढंसं झालंय म्हणून देते. परवा संध्याकाळी परत पाहिजे."

कारखाना सुटल्यावर अध्यक्ष एकटे थांबले. परदेशी नाव त्यांनी ग्राइंडरवर घासून काढलं, पातं चकचकीत केलं, वर मेणाचा थर दिला आणि सुईने त्यात बगळा कोरला. ॲसिडचे थेंब सोडले. एका पायावर उभा, मान जरा वाकलेली, मोठा साधुसंत असल्यासारखा बगळा पात्यावर उमटला. कितीतरी वर्षांनी त्यांनी हाताने काही केलं होतं, आणि ते साधलंही होतं. खरं सांगायचं तर त्या लबाडीत त्यांना मनापासून आनंद झाला.

प्रदर्शनाच्या दारात त्यांना पोलाद संघाचे अध्यक्ष भेटले. हा गृहस्थ पोटाने मोठा, आवाजाने लहान, आणि आयुष्यभर मंत्र्यांच्या दारात बसून मुरलेला. परदेशी पोलादावर कर बसावा म्हणून तो वर्षानुवर्षं अर्ज करत होता, आणि आपले अध्यक्ष वर्षानुवर्षं त्याला विरोध करत होते. त्यामुळे दोघं एकमेकांशी फार गोड बोलत.

"काय आणलंत दाखवायला?" पोलादवाल्यांनी विचारलं.

"आमची सर्वोत्तम कात्री," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही?"

"सर्वोत्तम?" पोलादवाल्यांनी त्यांच्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "असं का?"

"मग काय आणायचं असतं?"

"नाही, काही नाही. चांगलं होवो तुमचं," असं म्हणून ते खिशातून रुमाल काढून नीट घडी घालू लागले. रुमाल मोठा होता.

मंत्री आले. तबकातून कात्री पुढे आली. मंत्र्यांनी ती उचलली, फितीला लावली, आणि बोटं नुसती मिटली. फीत दोन बाजूंना पडली. टाळ्या वाजायच्या आधी क्षणभर कुणाला कळलंच नाही की काम झालंय.

मंत्र्यांनी कात्रीकडे पाहिलं. फितीचं लोंबणारं टोक उचलून त्याचा एक तुकडा कापला. मग आणखी एक. आयुष्यात हजारभर फिती कापलेला माणूस तो. दर वेळी ओढाताण, दर वेळी सचिवाने मागून फीत ताणून धरायची. आज त्यांना खेळणं मिळालं होतं. त्यांनी गुच्छाचा कागद कापला, निमंत्रणपत्रिका उभी कापली, आडवी कापली.

"ही आपल्याकडे होते?" त्यांनी विचारलं.

"होय साहेब. संपूर्ण देशी," अध्यक्ष म्हणाले. त्यांची छाती भरून आली होती. आपली कात्री एवढी चांगली आहे हे त्यांना त्या क्षणी स्वतःलाही खरं वाटलं.

मग मंत्री मांडव बघत पोलादाच्या गाळ्यापाशी आले. पोलादवाल्यांनी काही न बोलता एक जाड पट्टी पुढे केली, तिच्यावर छोटी हातोडी मारली, आणि पट्टीचे दोन तुकडे मंत्र्यांच्या बुटांपाशी पडले. पोलादवाल्यांनी तो मोठा रुमाल काढला.

"हे आमचं उत्तमातलं उत्तम, साहेब," ते डोळे पुसत म्हणाले. "याहून बरं आम्हाला येत नाही. पाय फुटण्याआधीच परदेशी पोलादाने तुडवलं आम्हाला. आम्ही लहान लेकरू आहोत."

हे लेकरू साठीच्या पुढचं होतं. तरी मंत्र्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि कॅमेऱ्यांनी तो टिपला.

भाषणाला मंत्री उभे राहिले तेव्हा दोन्ही तळहात वर आले. अध्यक्ष पहिल्या रांगेत होते.

"संरक्षण कुणाला द्यायचं?" मंत्री म्हणाले. "जो दुबळा आहे त्याला. स्पर्धेत कुणाला उतरवायचं? जो पैलवान आहे त्याला. आज मी अशी कात्री हातात घेतली, की जगातल्या कुठल्याही कात्रीने तिच्यापुढे मान खाली घालावी! अशा कात्रीला कराच्या कुबड्या द्यायच्या? हा तिचा अपमान आहे." डावा हात खाली गेला. "परदेशी कात्र्यांवरचा कर मी आजपासून रद्द करतो. आमचं पोलाद मात्र अजून अशक्त आहे." उजवा हात खाली गेला. "परदेशी पोलादावर कर बसेल. यालाच मी संतुलन म्हणतो."

दोन्ही हात एका पातळीला आले. टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षही टाळ्या वाजवत होते. सगळे वाजवत असले की हात आपोआप वाजतात. मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. कात्रीवरचं छप्पर गेलं, आणि कात्री ज्याची करायची ते पोलाद महागलं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. आणि हे हात दाखवून अवलक्षण दुसऱ्या कुणी नाही, त्यांनी स्वतःच केलं होतं.

ते ताडकन उभे राहिले. एक वाक्य बोलायचं होतं: साहेब, ती कात्री परदेशी आहे, आमची कात्री वाईट आहे. एवढं म्हटलं की फसवणुकीचा बोभाटा झाला असता, अध्यक्षपद गेलं असतं; पण कर कदाचित वाचला असता, आणि कारखान्यातली माणसंही.

"बोला अध्यक्ष," मंत्री प्रेमाने म्हणाले. "काही म्हणायचंय?"

सगळा मांडव वळून बघू लागला. अध्यक्षांनी तोंड उघडलं. बोभाट्याची भीती होतीच, पण अडलं ते 'आमची कात्री वाईट आहे' या चार शब्दांशी. वडिलांचा बगळा तो. ते शब्द काही केल्या बाहेर येईनात.

"आपले आभार," ते म्हणाले आणि खाली बसले.

"आभार कसले!" मंत्री म्हणाले. "ही कात्री मी ठेवून घेतो, माझ्या टेबलावर राहील. आणि आमच्या खात्याच्या सगळ्या कचेऱ्यांना अशाच पाठवा. अगदी अशाच हं!"

संध्याकाळी अध्यक्ष ताईच्या दुकानात जाऊन बसले. सगळं सांगून झालं.

"आणि माझी कात्री?"

"मंत्र्यांच्या टेबलावर."

"बगळा लावून?"

त्यांनी मान हलवली. ताईला हसू फुटलं. ती हसता हसता टेबलाला टेकली, मग खुर्चीत बसली, पदर सापडेना म्हणून कोटाच्या अस्तराने डोळे पुसले. "असाच आणखी एक भर," ती मधेच म्हणाली आणि पुन्हा हसू लागली.

"माझी माणसं रस्त्यावर येतील, ताई."

ती थांबली.

"खोटं नाही सांगत," ती म्हणाली. "मला कात्री स्वस्त हवीच होती. पण अशी नको होती रे."

पुढचे महिने अध्यक्षांनी जे भोगलं त्याला वर्तमानपत्रांत 'उद्योगाची पुनर्रचना' म्हणतात. बाजारात परदेशी कात्र्या आल्या, चांगल्या आणि स्वस्त. निम्म्या माणसांना त्यांनी घरी पाठवलं, आणि प्रत्येकाला स्वतः तोंडाने सांगितलं. एकाने जाताना त्यांनाच धीर दिला, तेव्हा ते खोलीचं दार लावून रडले. आणि सरकारी कचेऱ्यांचं काम अंगावर होतंच. अगदी अशाच कात्र्या! अध्यक्ष वडिलांची हातोडी घेऊन बसले. पाती मोडली, वाकली, भंगारात गेली. बोटं सुजली. मग हळूहळू हाताला आठवू लागलं. पोलाद महागडं, कारण परदेशीवर कर होता. आणि देशी अजूनही हातोडीने फुटत होतं, कारण आता त्याला सुधारायची घाई नव्हती. ही युक्ती अध्यक्षांना ओळखीची होती, त्यामुळे पोलादवाल्यांना शिव्या देताना त्यांची जीभ जरा अडखळे.

ताईच्या वाढदिवसाला ते मखमली डबी घेऊन गेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. समोरच्या बाजूला नवं मोठं दुकान झालं होतं, आणि त्याच्या काचेमागे परदेशी तयार कोट ओळीने टांगलेले होते. मंत्र्यांनी मधल्या काळात तयार कपड्यांच्याही करावर संतुलन साधलं होतं. तिथला कोट ताईच्या नुसत्या शिलाईपेक्षा स्वस्त पडे.

ताईने डबी उघडली, रिवाजाप्रमाणे खिळ्याकडे हात नेला, आणि थांबली. तिने पाती उजेडात धरून मधून पाहिलं. खालचं रेशमी अस्तर ओढलं आणि कात्री चालवली. आवाज आला नाही.

"कुणी केली?"

"मी."

ताईने आणखी एक लांब काप घेतला. "बाबांच्या हातची वाटते," ती म्हणाली. एवढं बक्षीस अध्यक्षांना संघाने कधी दिलं नव्हतं.

"केवढ्याला विकतोस?"

त्यांनी किंमत सांगितली.

"एवढ्यात दोन परदेशी येतात रे."

"पोलाद महाग आहे."

"हो ना," ताई म्हणाली. मग कात्री खाली न ठेवता म्हणाली, "धाकट्या, मला एक अर्ज लिहून दे. तुला सवय आहे. बाहेरच्या तयार कपड्यांवर कर पाहिजे. आम्ही शिवणारे सगळे एक झालोत. पुढच्या महिन्यात तराजू पुन्हा प्रदर्शनाला येतोय, आणि त्याला आमचा एक कोट दाखवायचाय."

अध्यक्षांनी बहिणीकडे पाहिलं. दार, कुलूप, देशकार्य, सगळं बोलून घ्यायची हीच वेळ होती. पण समोरच्या काचेकडे बघणारा तिचा चेहरा पाहून त्यांना हसता आलं नाही.

"अर्ज देतो," ते म्हणाले. "पण कोट तू चांगला शिवू नकोस."

"म्हणजे?"

"वाईट शिव. खांदा पडलेला, बाही आखूड. त्याने घातला की त्याला रडू आलं पाहिजे." त्यांनी टेबलाचा खण ओढला. आत वर्षानुवर्षांच्या बगळा छाप कात्र्या एकीवर एक पडल्या होत्या. "यातल्या एकीने बेत. कामाला येतील एकदाच्या."

ताईला पटलं. तिला पटलं म्हणजे खरंच पटलं; ती व्यवहाराची बाई होती. फोटोवरून तिने मंत्र्यांचं माप केव्हाच काढून ठेवलं होतं. तिने कापड पसरलं, खडूने मुद्दाम एक खांदा खाली आखला, जुनी कात्री घेतली आणि कापडाला लावली. कात्रीने कापड चावलं. कडेला धागे निघाले. ताईने ओठ आवळून आणखी थोडं पुढे नेलं. मग तिचा हात थांबला. तिने चावलेली कड बोटाने सारखी केली, पुन्हा एकदा सारखी केली, आणि जुनी कात्री खणात टाकून नवी उचलली.

"मला नाही जमायचं," ती म्हणाली.

"मलाही नव्हतं जमलं," अध्यक्ष म्हणाले.

त्यांनी कापडाचं दुसरं टोक धरलं. ताईने खडूची रेघ झटकून नवी, सरळ रेघ मारली, आणि नवी कात्री त्या रेघेवरून आवाज न करता चालत गेली. आठवड्याने कोट पुरा झाला. दोन्ही खांदे एका पातळीला, बाही मनगटावर नेमकी, अस्तर जागच्या जागी. कोट इतका सुरेख झाला होता की बघूनच अध्यक्षांना मंत्र्यांचं भाषण ऐकू येऊ लागलं.